शेवाळी स्वेटरची डावी बाही

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबरेला पट्टा आहे, त्यामुळे नमस्कार अर्धाच पोचेल. उरलेला भेटीत करीन.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे, डावा डोळा आणि सकाळच्या शिंका, या तिघांची खुशाली वेगवेगळी कळव. नुसतं ‘बरी आहे’ लिहून मला वाटेला लावू नकोस. भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी भावजय म्हणते मी ठीक नाही, पण ते ती लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून म्हणते आहे.

पाकीट पाहून तू दचकली असशील. दर रविवारी फोनवर बोलणारा माणूस पत्र कशाला लिहितो, कोणाला काय झालं, असं तुझ्या मनात येणारच. कोणाला काही झालेलं नाही. पत्र लिहितोय कारण फोनवर माझी वाक्यं तू पूर्ण करतेस. गेल्या पाच रविवारी मी ‘ताई, तो स्वेटर’ इथपर्यंत पोचलो आणि पाचही वेळा तू ‘घालतोस ना रोज?’ म्हणून पुढे निघून गेलीस. मी म्हणालो, रोज कामावर असतो. ते खोटं नव्हतं. स्वेटर खरोखरच रोज कामावर असतो. फक्त माझ्या अंगावर नसतो, एवढं सांगायचं राहून गेलं. पत्रात मला मध्येच कोणी तोडणार नाही, म्हणून आता सगळं सुरुवातीपासून सांगतो. चष्मा लाव आणि बसून वाच.

बावीस वर्षांपूर्वी तू एकाच लोकरीचे दोन स्वेटर विणलेस, एक भावोजींना आणि एक मला. रंग शेवाळी. (तू त्याला ‘खानदानी हिरवा’ म्हणायचीस. भावोजी माझ्याकडे बघायचे आणि मी छताकडे.) माझ्या स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा चांगली वीतभर लांब झाली होती. मी ते दाखवल्यावर तू मला दोन्ही हात समोर धरायला लावलेस आणि माझाच डावा हात आखूड आहे असं ठरवून टाकलंस. त्यानंतर कितीतरी दिवस मी लोकांशी उजव्याच बाजूने बोलत होतो. तरीही तो स्वेटर मी बावीस वर्षं घातला, कारण मत्स्यालयाच्या मागच्या खोलीत बाराही महिने हुडहुडी भरते, आणि दुसरं कारण असं की तो तू विणला होतास. हे दुसरं कारण मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मागची खोली थंड का, तर तिथे ‘कारकून’ राहतात. पाटीवर त्यांचं लांबलचक शास्त्रीय नाव आहे, पण आम्ही सगळे त्यांना कारकूनच म्हणतो. बोटाएवढा, मातकट, ओठावर बारीक मिशीसारखी रेघ असलेला मासा, आणि वरचा माणूस दिसला की दगडाखाली जाणार. साऱ्या जगात हा मासा डोंगरातल्या एकाच ओढ्यात व्हायचा. वरच्या अंगाला दगडाची खाण निघाली, ओढ्यात गाळ भरला आणि मासे संपले. जे वाचले ते आमच्याकडे आणले. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात साहेबांनी त्यांची टाकी माझ्या हवाली केली, त्याला आता एकतीस वर्षं झाली. आमच्याकडे ते कसेबसे टिकून राहिले. अधूनमधून दोनचार पिल्लं व्हायची, तेवढेच म्हातारे मरायचे. या वर्षाच्या सुरुवातीला मोजले तेव्हा एकोणीस होते. त्यातले काही आमच्या टाकीत आणि काही बाहेरच्या दालनात, प्रसाधनगृहाकडे जाणाऱ्या कोपऱ्यातल्या टाकीत, लोकांनी पाहावेत म्हणून. लोक पाहत नाहीत. एकाने तक्रारवहीत लिहिलं होतं की रिकामी टाकी मांडून जनतेची फसवणूक करू नये. तेव्हा आम्ही काचेवर ‘येथे मासे आहेत’ अशी चिठ्ठी लावली. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी खाली पेन्सिलीने ‘पुरावा?’ असं लिहून गेलं.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या मत्स्यालयाचं नूतनीकरण ठरलंय. इमारत गळते, नळ गंजलेत, शार्कच्या टाकीची काच कुरकुरते, तेव्हा ते व्हायलाच हवं. मी काही जुन्याला कवटाळून बसणाऱ्यांतला नाही. (तुझी भावजय हे वाचून मागून हसली. तिला वाचायला दिलं नव्हतं.) चार महिन्यांपूर्वी सगळ्यांना सभागृहात बोलावून नकाशेवाल्या गृहस्थांनी नव्या इमारतीची प्रतिकृती दाखवली. काय सुंदर होती! छोटी छोटी झाडं, छोटी माणसं, काचेचा बोगदा, एक बोटभर बाई छत्रीखाली कॉफी पीत बसलेली. मासा मात्र एकही नव्हता. मी हात वर करून विचारलं की कारकुनांची टाकी कुठे आहे. त्यांनी वाकून, चष्मा सावरून शोधलं आणि म्हणाले, तिथे माशांच्या आकाराच्या उशांचं दुकान आहे. सगळे हसले. मीही हसलो.

सभेनंतर मॅडमनी, म्हणजे आमच्या संचालकबाईंनी, मला आणि आमच्या मासेडॉक्टरला खोलीत बोलावलं. (ही डॉक्टर म्हणजे भाचीच्या वयाची मुलगी. माशाच्या आजारावर चार वर्षं अभ्यास केलाय, आणि स्वतः सदा सर्दीने हैराण.) मॅडम वाईट बाई नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं की जी जात वाढत नाही तिच्यासाठी नव्या इमारतीत वेगळी थंड खोली मागायला त्यांच्या हातात काही नाही. आमचं दालन खोदायला घेईपर्यंत कारकून दोनशे झाले, तर खोली मिळेल. शिवाय खाण तीन वर्षांपूर्वी बंद झाली आहे, वरच्या गावकऱ्यांनी ओढ्याचे काठ बांधून झाडं लावली आहेत, पाणी नितळ झालंय, तेव्हा निम्मे मासे परत ओढ्यात सोडता येतील. एकतीस वर्षांनी घरी! पण दोनशे झाले नाहीत, तर उरलेले पिशव्यांत भरून दूरच्या एका संस्थेत पाठवायचे. ताई, सात वर्षांपूर्वी असेच बारा पाठवले होते. पिशव्यांवर नावं मी माझ्या हाताने लिहिली होती. पोचल्यावर एकही जिवंत नव्हता. त्या दिवशी मी घरी आलो आणि जेवलो नाही, आणि पित्त झालंय असं सांगितलं.

तर त्या सभेच्या दिवशी घाईघाईत मी काय केलं, तर स्वेटर काढून टाकीवरच्या नळाला अडकवला आणि सभेला पळालो. मॅडमच्या खोलीतून बाहेर पडलो तो डोकं बधिर झालेलं, बाहेर ऊन, स्वेटर विसरून तसाच घरी गेलो. वीतभर लांब असलेली तुझी ती डावी बाही सुटून टाकीत लोंबत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला हात घालतोय तोच मागून डॉक्टर किंचाळली. मला वाटलं शॉक लागला. ती म्हणाली, ‘काका, हलू नका! श्वाससुद्धा घेऊ नका!’ बाहीच्या मनगटाशी, तू जिथे उलट्या टाक्यांची पट्टी घातलीस ना, तिथे मोहरीएवढी अंडी चिकटली होती. त्रेचाळीस. एकतीस वर्षांत आम्ही त्या माशांना शेवाळ दिलं, मुळं दिली, मडक्याचे तुकडे दिले, परदेशी जाळी दिली, पण चारपाच अंड्यांपलीकडे त्यांनी कधी दानत दाखवली नव्हती. आणि तुझ्या विणकामावर त्रेचाळीस! तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट कोणती आली असेल, तर माझा हात आखूड नाही ही.

नऊ दिवस स्वेटर तसाच नळाला टांगलेला. खांद्यापासून वर कोरडा, बाही पाण्यात, जणू कोणी टाकीत हात घालून काहीतरी शोधतंय. मी तेवढे दिवस डॉक्टरचा जुना जांभळा रेनकोट घालून कुडकुडत होतो. नवव्या दिवशी पिल्लं निघाली. पापणीच्या केसाएवढी. मी मोजायला बसलो आणि मोजताच येईना, कारण डोळ्यांत पाणी येत होतं. (डॉक्टरला सांगितलं की तुझी सर्दी मला लागली.)

आता खरं सांगायची वेळ आली, तेव्हा मन घट्ट कर. आम्ही स्वेटर उसवला. आधी डावी बाही, मग उजवी, मग पाठ, मग पोट. सुताचे झुबके करून बुचाला बांधायचे आणि टाकीत सोडायचे, मासे त्यात शिरून अंडी घालतात. एक झुबका दोनदा चालतो, तिसऱ्यांदा त्याचा भुगा होऊन पाणी गढूळ होतं, म्हणून टाकावा लागतो. उसवताना पहिली कात्री मी लावली नाही, माझ्याने झालं नाही. ती डॉक्टरने लावली आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आणखी एक सांगायचंय, रागावू नकोस. ती असली लोकर नाही. तुला दुकानदाराने फसवलं. डॉक्टरने दोरा जाळून पाहिला आणि म्हणाली, शंभर टक्के नकली. बावीस वर्षं तू ज्याला त्याला ‘असली लोकर आहे, हात लावून बघा’ म्हणत आलीस, ते मला आठवलं आणि त्या दुकानदाराचा राग आला. पण ताई, असली असती तर ती पाण्यात चार दिवसांत कुजली असती आणि अंड्यांना बुरशी धरली असती. तुझी फसवणूक झाली म्हणून माझे मासे वाचले. तेव्हा त्या माणसाला मी माफ केलंय, तूही कर.

मग आम्ही नवी नकली लोकर आणली, अगदी त्याच रंगाची. मासे ढुंकून बघेनात. डॉक्टरचं म्हणणं, नव्या लोकरीचा रंग पाण्यात उतरतो आणि धागा टोचतो, वर्षानुवर्षं धुऊन धुऊन तो निवळायला हवा. तुझ्या भावजयीने ती नवी लोकर चाळीस वेळा धुतली. शेजारीण विचारायला आली की घरात कोणाला काही साथीचं झालंय का. मासे तरीही ढिम्म. मग मत्स्यालयातल्या सगळ्यांनी आपापले जुने कपडे आणले. पहारेकऱ्याचा मफलर, डॉक्टरचे पायमोजे, पण मासे कशालाच शिवेनात. मॅडमनी तर स्वतःची शाल आणून दिली, डोळे मिटून म्हणाल्या, घ्या. ती शाल मात्र असली लोकरीची निघाली. पाचव्या दिवशी ती टाकीतून बाहेर काढली तेव्हा तिला असा वास येत होता की शार्कची टाकी सांभाळणारा माणूस रजा घेऊन घरी गेला. मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘असू दे.’ त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात वाईट बोलणं बंद केलं.

आज कारकून एकशे अठरा आहेत. खोदकामाला सहा आठवडे उरले. माझ्या स्वेटरची फक्त कॉलर शिल्लक आहे, तिचे होऊन होऊन दोन झुबके होतील.

एवढ्यावरून तुझ्या लक्षात आलंच असेल की गेल्या महिन्यात मी अचानक तीन दिवस तुझ्याकडे का आलो. तुला वाटलं सहज आला. मी आलो, तुझा गळका नळ दुरुस्त केला, पंख्याला तेल घातलं, खिडकीची कडी बसवली, चांगलं चालणारं घड्याळ उघडून बंद पाडलं, आणि जे विचारायला आलो होतो ते न विचारता परत गेलो. तू दोनदा विचारलंस, ‘काय रे, काय हवंय?’ मी म्हणालो, चहा. सहा कप चहा प्यायलो त्या दिवशी. कारण तुझ्या खोलीच्या दाराआड भावोजींचा स्वेटर खुंटीला होता, आणि येताजाता तू त्याच्या बाहीला हात लावत होतीस. तुला ते कळतही नसेल. टॉवेल घ्यायला गेलीस तरी हात, दिवा लावायला गेलीस तरी हात. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. मी तो स्वेटर मागायला आलो होतो आणि चहाच मागत राहिलो.

तो विषय मी कायमचा सोडूनही दिला होता. पण गेल्या आठवड्यात सामानाची खोली रिकामी करताना जुन्या तक्रारवह्यांचा गठ्ठा सापडला. मी चाळत बसलो (काम टाळायला याच्याइतकं सज्जन निमित्त नाही) आणि एका पानावर ओळखीचं अक्षर दिसलं. तिरकं, आणि प्रत्येक ‘ळ’ जांभई दिल्यासारखा. ‘प्रसाधनगृहाजवळच्या टाकीत आज एक मासा दिसला. आभारी आहे.’ खाली तारीख, सही नाही. पुढच्या आठवड्यात: ‘आज एकही दिसला नाही. तरी बसून बरं वाटलं.’ पुढे: ‘आज फक्त शेपटी.’ आणखी पुढे: ‘आज दोन दिसले. त्यातली एक बायको असावी, कारण दुसरा लगेच काम असल्यासारखा दगडाखाली गेला.’ ताई, भावोजींचं अक्षर मी ओळखणार नाही का? माझ्या नोकरीचा अर्ज त्यांनीच लिहून दिला होता. सगळ्या तारखा गुरुवारच्या. गुरुवार माझ्या सुट्टीचा वार, म्हणजे मी तिथे नसणार, त्यांच्यासाठी खुर्च्या मांडणार नाही, साहेबांना भेटवणार नाही, हे बघूनच ते यायचे. आणि तुला वाटायचं गुरुवारी गुडघ्याच्या व्यायामाला जातात. त्यांचा गुडघा चार वर्षांत का सुधारला नाही, ते आता तुला कळलं असेल.

मी वही घेऊन तिकीट खिडकीवरच्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, ‘ते हिरव्या स्वेटरवाले ना? आम्हाला वाटायचं तुम्हीच. म्हटलं, यांना सुट्टीच्या दिवशीपण घरी करमत नाही.’ ते टाकीसमोरच्या बाकावर तासभर बसायचे म्हणे. त्या कोपऱ्यात माझ्या खोलीतलाच गारवा येतो, म्हणून स्वेटर. चार वर्षं माझ्या माशांकडे बघणारा जगात एक माणूस होता आणि तो आपल्या घरातलाच होता, आणि मला माहीत नव्हतं. मी मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि या वेळी सर्दीचं नाव सांगितलं नाही.

डॉक्टरला मी विचारलं, काचेबाहेर दर गुरुवारी तो रंग बघून माशांना त्याची सवय झाली असेल का? ती म्हणाली, असं काही नसतं काका. पण नंतर तिने वहीत काहीतरी लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलेलं मी पाहिलं. बाकी सर्व क्षेम. तुझा डोळा दाखवून ये, टाळाटाळ करू नकोस.

तुझा,
धाकटा (दोन्ही हात सारखे असलेला)

ता. क. मला तुझ्याकडे काही मागायचं नाही. फक्त माहितीसाठी: भावोजींचा स्वेटर त्याच लोकरीचा, तितकाच धुतलेला. डॉक्टरचा हिशेब असा की एक बाही मिळाली तरी दोनशेचा आकडा गाठता येईल. एकच. लांबीची अट नाही.

ता. क. दुसरा. वरचं वाचू नकोस. पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो, टाकवलं नाही. तुझ्या भावजयीने ते काढून वाचलं आणि म्हणाली, माणूस गेला, त्याच्या खुंटीवरचा स्वेटरही ओढून नेणार का? बरोबर आहे तिचं. माशांचं मी बघीन काहीतरी. पिशव्यांत भरायची वेळ आलीच, तर या वेळी मी त्यांच्याबरोबर जाईन, मांडीवर घेऊन बसेन. तू स्वेटर जागचा हलवू नकोस.

ता. क. शेवटचा. आज सकाळी त्यांची शेवटची नोंद सापडली. दवाखान्यात भरती व्हायच्या आधीचा गुरुवार आहे. ती मी लपवून ठेवणं बरं नाही, ती तुझी आहे, म्हणून उतरवून पाठवतो: ‘आज तीन दिसले. एवढे कधीच दिसले नव्हते. पुढच्या गुरुवारी हिला घेऊन येतो. रागावेल, पण बघेल.’ तर ताई, ये. दालन लोकांसाठी बंद झालंय, पण तो बाक मी कामगारांना उचलू दिलेला नाही, त्यावर माझं नाव लिहून ठेवलंय. गुरुवारी ये, मी सुट्टी घेणार नाही. इथे गारठा फार आहे, तेव्हा त्यांचा स्वेटर अंगात घालूनच ये. परत जाताना तो अंगात ठेवायचा की नाही, ते मासे बघून तू ठरव.